बान्यूल्स: समुद्रकाठची द्राक्षं आणि उन्हात ठेवलेली वाईन

शिरपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं. त्यामुळे बार्सिलोनात नोकरीला असलेला मुलगा जेव्हा फोनवर म्हणाला, "पप्पा, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये एक गाव आहे, तिथे वाईन मुद्दाम उन्हात ठेवतात," तेव्हा मी म्हटलं, मग तिचा व्हिनेगर होत असेल. (होतोही, आणि तोही महाग विकतात.) आमचे आबा तर खाटेवरूनच म्हणाले, "दारू पेवाले इतलं लांब जाशात?" सप्टेंबरमध्ये कापसाची दुसरी फवारणी उरकून मी आणि सौ. निघालो.

बार्सिलोनाहून पर्पिन्याँपर्यंत वेगवान रेल्वे साधारण दीड तास घेते. तिथून लोकल गाडी समुद्राच्या कडेनं कोल्यूर, पोर-व्हाँद्र, बान्यूल्स, सर्बेर अशी जाते. डाव्या बाजूची खिडकी धरा. 'बान्यूल्स' हे नाव बाटलीवर लावायचा हक्क फक्त या चार गावांच्या मळ्यांना आहे, 1936 पासून. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. गाडी भाड्यानं घेऊ नका. रस्ते अरुंद, वळणं घाटातल्यासारखी, आणि चव घेत फिरायचं तर स्टीअरिंगवर कोण बसणार?

मळा पाहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, हा पडीक आहे. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही. उभ्या डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या आणि त्यावर गुडघाभर उंचीची वेडीवाकडी झुडपं. जमीन म्हणजे शिस्ट, पापुद्रे सुटणारा खडक. हातात घेऊन दाबला तर खारीसारखा तुटतो. मुळं त्याच्या फटींतून पाणी शोधत खाली जातात. नाशिककडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करतात, कारण आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. इथे हिवाळ्यात वेल झोपतो, छाटणी एकदाच. काढणी सगळी हातानं, या चढावर यंत्र जाणारच नाही.

खरी गंमत पाण्याची. आम्ही शिरपूर पॅटर्नवाले, नाला दिसला की अडवायचा. यांनी मात्र मळ्यात दगडी चाऱ्या काढल्यात, एकमेकींना तिरप्या मिळणाऱ्या. स्थानिक कातालान भाषेत त्यांना 'कोंबड्याचा पाय' म्हणतात. पावसाचा लोंढा आला की माती न नेता खाली उतरावा म्हणून. वारा त्रामोंतान नावाचा, वायव्येकडून येतो आणि टोपी ठेवत नाही. आमच्या केळीला असा वारा लागला तर बाग आडवी. इथे तो पानं कोरडी ठेवतो, त्यामुळे डाऊनी या बुरशीरोगाचा त्रास कमी.

मुख्य द्राक्ष ग्रेनाश न्वार, काळं. त्याच जातीची करडी आणि पांढरी भावंडंही मळ्यात असतात. आपल्याकडे थॉमसन या द्राक्षाच्या जातीतून तास-ए-गणेश ही जात निवडली गेली, तसाच प्रकार. जोडीला कारिन्याँ, सिरा, मूर्वेद्र. याच मळ्यांतून कोरडी वाईन केली तर नाव कोल्यूर, गोड केली तर बान्यूल्स. गोडव्यासाठी साखर घालत नाहीत. रस आंबत असताना मध्येच शुद्ध अल्कोहोल ओततात, यीस्ट मरतं, द्राक्षाची उरलेली साखर तशीच राहते. त्यामुळे ती साध्या वाईनपेक्षा जड असते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या तळघरात मी पाचही ग्लास प्रामाणिकपणे रिकामे केले आणि नंतर बाकावर बसून राहिलो. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. लाजू नका, तिथले लोकही थुंकतात.

मग ते अंगण. काचेच्या पोटभर फुगलेल्या बरण्या ओळीनं उघड्यावर, आत वाईन, वर तळपतं ऊन. दिवसा तापते, रात्री निवते, काळी वाईन हळूहळू विटकरी होते. सौ. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर आपला साखरआंबा!" गच्चीवर बरणीला फडकं बांधून आपण जे करतो, अगदी तेच. अक्रोड, कॉफी, सुकं अंजीर अशी चव. दुसरा प्रकार 'रिमाज', हवा न लागू देता लवकर बाटलीत भरलेला, गडद, ताज्या फळाचा. मला पहिला आवडला, मुलाला दुसरा. दुकानात मात्र कुठला आहे ते विचारूनच घ्या, लेबलवरून आमचा घोळ झाला.

दुपारी बारा ते दोनच्या सुमारास तळघरं बंद असतात. आम्ही एका दाराबाहेर दोन तास तापलो. आधी फोन करून वेळ ठरवा. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर गर्दी, तो टाळा. शाकाहाऱ्यांनी सावध राहावं: कोल्यूर हे अँचोव्ही या खारवलेल्या माशांचं गाव, सॅलडमध्येही ते निघतात. आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, कामी आली. बान्यूल्सबरोबर डार्क चॉकलेट मात्र नक्की खा.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे साध्या मापाच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. उन्हात मुरलेली बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये बरेच आठवडे टिकते, रिमाज लवकर संपवावी लागते. आमची पहिली बाटली दिवाळीत उघडली. आबांनी चमचाभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाऊ ते मनुकास्ना काढा शे. आखो दे."