तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीचा सायलेन्सर घरी कसा साफ करायचा?

अमेरिकेत राहणारे आणि हल्ली नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागलेले मराठी लोक हे हमखास विचारतात. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसून गोळी उडते अशा) रायफलचा सायलेन्सर बहुतेक वेळा साफ करावाच लागत नाही. तो सहसा वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो. गोळीवर तांब्याचं आवरण असतं, आणि दाब व उष्णता इतकी असते की आतली बरीचशी काजळी उडून जाते. बंदुकीवर बसवायचे आटे पुसले की झालं.

खरं काम आहे ते .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाच्या सायलेन्सरचं. ही गोळी उघड्या शिशाची किंवा तांब्याचा जेमतेम मुलामा दिलेली असते, वर मेणासारखं वंगण. आत बॅफल असतात, म्हणजे मधोमध भोक असलेल्या, एकामागे एक बसवलेल्या चकत्या. त्यांच्यावर शिशाचं पूट चढत जातं. साधारण ३०० ते ५०० गोळ्यांनंतर उघडावा. त्याहून फार लांबवलंत तर बॅफल सायलेन्सरच्या बाहेरच्या नळीला जखडतात आणि ठोकून काढताना त्यांच्या कडा वाकतात. नव्या सायलेन्सरचं वजन लिहून ठेवा. आत किती साचलंय ते पुढे वजनच सांगतं. काटा मात्र वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातला नको.

यात जपायचं ते शिशापासून, आणि धातूपेक्षा आधी घरातल्या माणसांना. काम गॅरेजमध्ये किंवा अंगणात करा, मुलं जवळ नकोत. खाली वर्तमानपत्र, हातात नायट्राइल मोजे. कोरडं घासू नका आणि हवेचा झोत तर मारूच नका. शिशाची धूळ श्वासातून आत जाते.

मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते तो कप्पा) रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मगच सायलेन्सर उतरवा. टोपण कंपनीच्याच पान्याने खोला. बॅफल निघतील त्या क्रमाने मांडून फोटो काढा, कारण बंदुकीच्या नळीकडचा पहिला बॅफल बऱ्याचदा वेगळ्या, जास्त कठीण धातूचा असतो. झाकणाच्या काचेच्या बरणीत बोअर सॉल्व्हंट (बंदुकीची नळी साफ करायचं द्रावण) घेऊन भाग रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ओले असतानाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्टीलला पितळी ब्रश चालतो, अ‍ॅल्युमिनियमला फक्त नायलॉनचा. अल्ट्रासॉनिक यंत्रात अ‍ॅल्युमिनियम घालायचं तर आधी द्रावणाची बाटली वाचा. अल्कलीयुक्त द्रावण त्यावरचा अ‍ॅनोडाइझचा थर खातं.

सगळ्यात जास्त विचारला जातो तो ‘डिप’, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं. शिसं त्यात झपाट्याने विरघळतं, हे खरं. पण विरघळून तयार होतं लेड अ‍ॅसिटेट: विषारी, पाण्यात मिसळणारं, चवीला गोड. घरात लहान मूल असताना अशी बरणी असूच नये. अ‍ॅल्युमिनियमही त्यात खराब होतं. आमचा सल्ला साफ आहे: डिप करू नका. आणि वापरलेलं सॉल्व्हंट असो, चिंध्या असोत की खरवडलेलं शिसं, सिंकमध्ये किंवा कचऱ्यात न टाकता काउंटीच्या घातक कचरा संकलन केंद्रावर द्या.

जोडताना भाग पूर्ण कोरडे हवेत. बॅफलांच्या बाहेरच्या कडांना सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात दिला की पुढच्या वेळी सुटायला सोपं जातं. जास्त झालं तर धूर होतो. एकही बॅफल उलटा किंवा तिरका बसला तर गोळी त्याला घासते. म्हणून जोडल्यावर भोकं एका रेषेत आहेत ना ते पाहा, आणि रिकाम्या बंदुकीवर चढवून बंदुकीच्या नळीतून अलाइनमेंट रॉड (सरळ सळई) घालून खात्री करा. आटे (अर्धा इंच, इंचाला २८) स्वच्छ हवेत. रेंजवर सायलेन्सर अधूनमधून ढिला होतो, दर मॅगझिनला हाताने तपासा.

भोकाच्या कडेला चकाकता ओरखडा दिसला तर वापर थांबवा. घरी कानस लावू नका, सुटा बॅफल बनवू नका. अमेरिकी कायद्यात तो सुटा भागही सायलेन्सरच धरला जातो. बिघडलेला सायलेन्सर कंपनीकडेच पाठवायचा.

१ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी मात्र कायम आहे. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखा कायद्यातला अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक किंवा सायलेन्सर बाळगणं गुन्हा आहे, मित्राचा साफ करायला घरी आणणंसुद्धा.

काम संपल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, आणि मगच मुलांना उचलून घ्या.