क्रोम काढून परत टाकला, तरी तेच पान का येतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कॉलेज रोडच्या क्लासपासून अंबडच्या वर्कशॉपपर्यंत नाशिकमध्ये तक्रार एकच: "क्रोम उघडला की भलतंच सर्चचं पान येतं. काढून परत टाकला, तरी तेच. आता फॉरमॅट मारू का?"

एवढ्यात नको. क्रोम अनइन्स्टॉल करताना 'ब्राउझिंग डेटाही काढा' या चौकटीत टिक केली नाही, तर जुनं प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्जचा साठा) एक्स्टेन्शनसकट, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामसकट, मागे राहतं. टिक केली तरी सिंक (गूगल खात्यात ठेवलेली सेटिंग्ज परत आणणारी सोय) चालू असेल, तर लॉगिन करताच तेच एक्स्टेन्शन परत येतं. म्हणून आधी सिंक बंद करा.

कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा पट्ट्या येत असतील, तर बहुधा ती नुसती नोटिफिकेशन्स असतात. कांद्याचा भाव पाहायला एखादी साइट उघडली आणि 'अलाऊ' दाबलं, एवढंच घडलेलं असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्या पट्टीवर मात्र क्लिक करू नका.

सर्च इंजिनच बदललं असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समध्ये तारखेनुसार यादी लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेला फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर किंवा 'ड्रायव्हर अपडेटर' आधी काढा. मग सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून एकेक चालू करा. त्रास परत सुरू झाला की चोर सापडला.

खरी अडचण येते ती एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटणच दिसत नाही तेव्हा. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतं, म्हणजे क्रोमवर बाहेरून पॉलिसी (सक्तीची सेटिंग) लावलेली आहे. कंपनीचा पीसी असेल तर ते रास्त आहे, आयटीवाल्यांना विचारा. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात. पण घरच्या पीसीवर अनोळखी एक्स्टेन्शन अशा हुकमाने बसलं असेल, तर ते उपऱ्या प्रोग्रामचंच काम समजा. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) HKEY_LOCAL_MACHINE, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं जा. तो 'क्रोम' नावाचा कप्पा आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा. HKEY_CURRENT_USER खालीही तेच पाहा. रीस्टार्टनंतर नोंद परत उगवली, तर ती लिहिणारा प्रोग्राम अजून जिवंत आहे. टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि स्टार्टअप अ‍ॅप्स तपासा.

डेस्कटॉपवरच्या आयकॉनची प्रॉपर्टीजही बघा. टार्गेटमध्ये 'क्रोम डॉट ईएक्सई'नंतर एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढाच खोडा. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये (इंटरनेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सेटिंग) तुम्ही न टाकलेला पत्ता असेल, तर तो बंद करा. घरातल्या मोबाइललाही त्याच वायफायवर हाच त्रास होत असेल, तर राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) पाहा.

शेवटी क्रोम रीसेट करा. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात, कुकीज जातात.

पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला: आधी ईमेल, मग बँक, मग जीएसटी. ईमेलमधून 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' कराच, कारण चोरलेली सेशन कुकी (तुम्ही लॉगिन आहात याची ब्राउझरमधली खूण) ओटीपी न विचारता आत शिरू देते. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा.