पुणे 792 घरभर: गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत

साखळी एकदाची पूर्ण झाली. गच्चीवर आकाशवाणी पुण्याचं 792 किलोहर्ट्झ पकडायचं, आवाज तारेने खाली आणायचा आणि घरातल्या घरात एफएमवर सोडायचा. स्वयंपाकघरातला जुना सेट, बाबांच्या उशाशी असलेला खिशातला रेडिओ, माझा मोबाइल, सगळीकडे पुणे. आई साताऱ्याकडची, तिचं लहानपण याच केंद्राच्या आवाजात गेलं. ॲपवर पुणे केव्हाही मिळतं, हे मला माहीत आहे. पण सरळ रेषेत सहाशेवर किलोमीटर हवेतून आलेलं पुणे इथे नागपुरात तिच्या ओट्यापाशी पोचवायचं, हा माझा हट्ट होता.

नागपुरात मीडियम वेव्हवर दूरचं काही ऐकायचं तर आधी 585 किलोहर्ट्झशी जमवून घ्यावं लागतं. आपल्याच केंद्राचा 300 किलोवॅटचा ट्रान्समीटर इतका जवळ, की साधा सेट त्याच्यापुढे दबून जातो आणि भलत्याच जागी 585 ऐकवतो. माझ्याकडे एसआय 4734 चिपचा रिसीव्हर आहे. त्याच्या फेराइट रॉडजवळ (हीच त्याची आतली अँटेना) लाकडी चौकटीवर गुंडाळलेला तारेचा लूप ठेवला आणि जुन्या सेटमधल्या गँग कंडेन्सरने, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरने, तो 792 वर जुळवला. लूपचं इंडक्टन्स 200 मायक्रोहेन्रीच्या आसपास असेल तर कंडेन्सर 200 पिकोफॅरडच्या जवळपास येतो. तार कुठे जोडायची नाही, लूप नुसता शेजारी ठेवायचा. गँग फिरवताना एका जागी पुणे असं उसळून वर येतं की हात तिथेच थांबतो. आणि लूपची निवड धारदार असल्यामुळे 585 चा दाबही उतरला.

दुसरा शेजारी जबलपूरचा, 801 वर, म्हणजे जेमतेम 9 किलोहर्ट्झ पलीकडे. रॉडचं टोक ज्या दिशेला, तिकडचं स्टेशन सर्वांत कमी ऐकू येतं. जबलपूर इथून उत्तरेला, थोडं पूर्वेकडे झुकलेलं, पुणे नैर्ऋत्येला. लूपचा अक्ष (प्रतलाशी काटकोनातली रेषा) आणि रॉड दोन्ही जबलपूरच्या रेषेत धरले तर पुण्याचाही थोडा तोटा होतो, पण तो परवडतो. अंधार पडला की जबलपूर वातावरणाच्या वरच्या थरांवरूनही परतून येतं आणि दाबलेलं स्टेशन पुन्हा डोकं वर काढतं. तेव्हा बँडविड्थ, म्हणजे रिसीव्हर एका वेळी ऐकतो तो पट्टा, 3 किलोहर्ट्झवर आणतो. आवाज थोडा बुजतो, शब्द मात्र स्वच्छ राहतात. सध्या थंडी आहे, सूर्य लवकर मावळतो, आभाळात कडकडाट नाही. यासाठी याहून चांगले दिवस नाहीत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो आवाजाच्या तारेने. पहिल्यांदा सगळं जोडलं आणि बाबा म्हणाले, "हे दोन-दोन स्टेशन एकदम काहून बोलून राहिले रे?" बरोबरच होतं. पुण्याच्या बातम्यांमागे बारीक आवाजात नागपूरचं गाणं चालू होतं. रिसीव्हर बदलून पाहिला, लूप काढला, गाणं जाईना. शेवटी रिसीव्हर बंद केला तरी एफएमवर गाणं चालूच! म्हणजे 585 रेडिओतून येतच नव्हतं. गच्चीवरून खाली आलेली तारच अँटेना झाली होती आणि एफएम ट्रान्समीटरच्या मॉड्यूलच्या इनपुटला तिथल्या तिथे त्यातून आवाज वेगळा होत होता. उपाय स्वस्त निघाला. लॅन केबलमधली एक पिळलेली जोडी घेतली, दोन्ही टोकांना 600 ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवले आणि मॉड्यूलच्या तोंडाशी 1 किलोओहम रेझिस्टर व 1 नॅनोफॅरड कंडेन्सर लावला. साधारण 160 किलोहर्ट्झच्या वरचं त्यात ढासळतं, आवाजाला धक्का लागत नाही. ट्रान्सफॉर्मरमुळे चार्जरची घरघरही गेली. हे सगळं सामान बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळालं.

आता ट्रान्समीटर. केटी 0803 चं तयार मॉड्यूल आहे. त्यात दोन गोष्टी आवर्जून बदला. एक, स्टिरिओ बंद करून मोनो करा. मीडियम वेव्हचा आवाज मोनोच असतो, आणि मोनोला सिग्नल खूप कमी पुरतो. दुसरं, प्री-एम्फसिस, म्हणजे पाठवताना उंच पट्टीचा आवाज मुद्दाम चढवणं; रेडिओ तो तेवढाच उतरवतो. माझ्या मॉड्यूलमध्ये 75 मायक्रोसेकंद होता, आपल्याकडचे रेडिओ 50 चे. त्यामुळे आधीच खरखरीत असलेला आवाज आणखी टोचरा व्हायचा. 50 केल्यावर निवेदकाचा गळा माणसासारखा वाटायला लागला.

फ्रीक्वेन्सी 88.6 ठेवली. मोकळी जागा शोधताना फक्त कानावर विसंबू नका. जुन्या सेटमधला ऑसिलेटर (स्टेशन पकडण्यासाठी सेट स्वतः आत तयार करतो तो सिग्नल) ऐकायच्या फ्रीक्वेन्सीपेक्षा 10.7 मेगाहर्ट्झ वर चालतो. 89.9 निवडलं असतं तर स्वयंपाकघरातला सेट 100.6 वर कुरकुरला असता, आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीत कोणी 100.6 वरचीच विविध भारती लावली तर तिच्यात शिट्टी. वरचं टोक तर मी विचारातच घेतलं नाही. आम्ही सोमलवाड्यात, विमानतळाच्या बाजूला राहतो, आणि 108 च्या वर लगेच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो.

ताकदीबद्दल स्पष्ट सांगतो. भारतात परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही, हॅमच्या (हौशी रेडिओच्या) परवान्यावरही गाणी-बातम्या सोडता येत नाहीत. अल्पशक्तीच्या उपकरणांना कुठल्या पट्ट्यात किती मोकळीक आहे, ते दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या नियमांत बघूनच मॉड्यूलला हात लावा. या फ्रीक्वेन्सीला पाव तरंगलांबीची तार साधारण 85 सेंटिमीटरची होते. मी बोटभर तार ठेवली आहे. ट्रान्समीटर गच्चीवर न ठेवता घराच्या मधोमध, जिन्याखालच्या कपाटात ठेवला, म्हणून एवढ्यात सगळ्या खोल्या भागतात. ताकद सर्वांत खालच्या पायरीवर. मग रेडिओ हातात घेऊन कंपाउंडभर फिरलो. फाटकापाशी नुसती खरखर, पुणे नाही. मला हेच हवं होतं. बूस्टर लावायचा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. खोलीत खरखर असेल तर ट्रान्समीटर हलवा, तार आडवी-उभी करून बघा, मोनो तपासा.

पुढचं काम एप्रिलच्या आत उरकायचं आहे. कूलर सुरू झाले की ट्रायॅकचे (इलेक्ट्रॉनिक) रेग्युलेटर मीडियम वेव्हवर भणभण सुरू करतात; घरातले कंडेन्सरवाले करून घेतो, शेजारच्यांना विनंती करतो. गच्चीवरच्या डब्याला पांढरा रंग आणि वर सावलीला दुसरं झाकण हवं, नाहीतर मे महिन्यात आत काही टिकणार नाही. उन्हामुळे लूपची जुळणी सरकली तर खालूनच सावरता यावी म्हणून कोणी गँग कंडेन्सरऐवजी व्हॅरेक्टर (व्होल्टेजने जुळवायचा डायोड) वापरला असेल, तर 585 च्या इतक्या जवळ तो कसा वागतो ते जरूर कळवा.