सहा डिसेंबर, मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यू

वॉशिंग्टनमध्ये मी पर्यटकांची व्हॅन चालवतो आणि चालवता चालवता माहितीही सांगतो. 6 डिसेंबर 2013 च्या सकाळी गाडी काढण्याआधी भावाला फोन लावला. तो दादरला, चैत्यभूमीच्या रांगेत. फोनमधून माणसांचा नुसता कल्लोळ. या दिवशी माझं मन तिकडेच असतं, त्यात आदल्या दिवशी मंडेला गेल्याची बातमी आलेली.

फेरी नेहमीचीच. आपल्या दूतावासासमोर काठी टेकत झपझप निघालेले गांधीजी, याच रस्त्यावर पुढे ब्रिटिश दूतावासाबाहेर चर्चिल. त्यांचा एक पाय दूतावासाच्या आवारात, दुसरा अमेरिकेच्या जमिनीवर. एवढं सांगितलं की लोक हमखास फोटो काढतात. रस्त्यापलीकडे दक्षिण आफ्रिकेचा दूतावास. तिथला मंडेलांचा पुतळा जेमतेम अडीच महिन्यांचा. 11 फेब्रुवारी 1990 ला तुरुंगातून बाहेर पडले तसे, मूठ उंचावून चालत निघालेले.

त्या दिवशी पायथ्याशी फुलं पडलेली. गाडीतल्या एक कृष्णवर्णीय आजी म्हणाल्या, "मला इथं उतरायचंय."

तिथे गाडी उभी करायला मनाई आहे. तरी केली. हात धरून त्यांना उतरवलं. पुतळ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, फुटपाथ न्याहाळत राहिल्या. मग एका जागी थबकल्या. "इथूनच मला पोलिसांनी उचललं होतं. 1985 साली."

दूतावासापासून 500 फुटांच्या आत त्या देशाच्या सरकारविरुद्ध फलक धरायला तेव्हा कायद्याने बंदी होती. नोव्हेंबर 1984 पासून वर्षभराहून अधिक काळ वर्णभेदाविरुद्ध माणसं इथे येत राहिली, हटायला नकार देत राहिली, बेड्या घालून नेली गेली. हजारोंना अटक झाली. हे सगळं मला पाठ होतं, प्रत्येक फेरीत सांगायचो. त्या हजारोंमधलं एक माणूस आता माझा हात घट्ट धरून उभं होतं, आणि मला शब्द सुचेना.

बऱ्याच वेळाने मी त्यांना दादरची रांग सांगितली. बाबासाहेबांचं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मग स्वतः उच्चारून पाहिलं. "रात्रभर उभे राहतात?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "हो, लेकरं कडेवर घेऊन."

तोवर बाकीचे प्रवासीही खाली उतरले होते. लिंकन स्मारकाचा थांबा त्या फेरीत राहूनच गेला, कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून तिथे मी लोकांना आधी फुटपाथ दाखवतो, पुतळा मागून.