सातही दहा

डायव्हिंगच्या निकालाचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. सात जज असतात. प्रत्येक जण शून्य ते दहामधला एक आकडा देतो, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने. त्यातले सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन बाजूला काढायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची आणि तिला त्या डाईव्हच्या काठिण्यांकाने गुणायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संगणक हे करून मोकळा होतो. तरी त्या आकड्यावर माणसाची नजर हवी, म्हणून निकाल विभागात कागद-पेन घेऊन बसणारा कोणीतरी असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ते काम माझ्याकडे होतं.

दिवस होता 5 ऑगस्ट 2021. महिलांची 10 मीटर प्लॅटफॉर्म, म्हणजे दहा मीटर उंच मंचावरून पाण्यात उडी. सकाळी उपांत्य फेरी आणि दुपारी अंतिम. आधीच्या फेरीचे गुण पुढे धरत नाहीत, त्यामुळे दुपारी बाराही जणी पुन्हा शून्यावर होत्या. प्रत्येकीच्या पाच डाईव्ह, पाचही वेगवेगळ्या गटांतल्या.

या डाईव्हची यादी खेळाडूने आधीच सही करून दिलेली असते आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी आम्ही ती ओळ न् ओळ तपासतो, कारण यादीतली डाईव्ह सोडून दुसरी मारली तर थेट शून्य. यादीत नावं नसतात, क्रमांक असतात. 407C मधला 4 म्हणजे पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि प्लॅटफॉर्मच्या दिशेने, आतल्या बाजूला फिरायचं. 7 म्हणजे सात अर्ध्या कोलांट्या, म्हणजे साडेतीन. C म्हणजे गुडघे छातीशी घट्ट. महिनोन् महिने हे क्रमांक वाचले की यादीवर नजर टाकताच अंगाचा आकार दिसायला लागतो. चीनच्या चुआन होंगचानची यादी होती 107B, 407C, 207C, 6243D, 5253B. काठिण्यांक 3.0, 3.2, 3.3, 3.2, 3.2. वय वर्षं चौदा. ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे 2020 मध्येच झालं असतं, तर वयाच्या अटीमुळे तिला त्यात उतरताच आलं नसतं.

टोकियो अ‍ॅक्वाटिक्स सेंटरमध्ये पंधरा हजार प्रेक्षक बसू शकतात. कोविडमुळे त्या दिवशी तिकीट काढून आलेला एकही नव्हता. गॅलरीत निरनिराळ्या देशांची पथकं, बाकी पदाधिकारी, पत्रकार आणि आमच्यासारखे कर्मचारी. पथकं टाळ्या वाजवायची, ओरडायची, पण खेळाडू प्लॅटफॉर्मच्या काठापाशी आली की सगळं थांबायचं. मला त्या रिकाम्या खुर्च्यांचं फार वाईट वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्यामुळे एक गोष्ट मिळाली जी भरलेल्या स्टेडियममध्ये मिळत नाही. पाणी ऐकू येत होतं.

माझ्या शेजारी बसणारे सहकारी एकेकाळी स्वतः डायव्हर होते, नंतर प्रशिक्षक. पहिल्या फेरीत ते मला म्हणाले, "तुम्ही डोळ्यांनी बघताय. शेवटी एकदा नुसतं ऐकून बघा."

दहा मीटरवरून सुटलेलं शरीर पाण्याला टेकतं तेव्हा वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास असतो. हवेतला सगळा वेळ मिळून दीड सेकंदाच्या आगेमागे. त्यात साडेतीन कोलांट्या घ्यायच्या, पाणी कुठे आहे ते हेरायचं, अंग उलगडायचं आणि उभ्या रेषेत शिरायचं. पाणी नितळ असतं, वरून पाहताना पृष्ठभाग आणि तळ यात फरक कळत नाही, म्हणून त्यावर सतत फवारे मारून तरंग उठवतात. पाण्याला आधी टेकतात ते हात, पण बोटांचं टोक नाही. एकावर एक धरलेले तळवे, सपाट. त्या तळव्यांनी पाण्यात जी जागा होते त्याच जागेतून डोकं, खांदे, कंबर, पाय जायला हवेत. आत शिरताच हात झटक्यात बाजूला ओढायचे, म्हणजे पाणी वर न उडता खाली खेचलं जातं. हे साधलं की कापड टरकन फाटावं तसा आवाज येतो. डायव्हिंगवाले त्याला 'रिप' म्हणतात. नाही साधलं तर धप्प.

चुआनची पहिली डाईव्ह, समोरच्या दिशेने साडेतीन कोलांट्या, चांगली होती. मधल्या तिघांची बेरीज 27.5, गुण 82.50. या दर्जाच्या स्पर्धेत असे गुण नेहमी दिसतात. मी लिहून घेतलं आणि पुढच्या खेळाडूकडे वळलो.

दुसऱ्या फेरीत ती वर गेली तेव्हा मी मुद्दाम लक्ष दिलं. तिथे सगळ्याच जणी हातात छोटा, पाणी शोषणारा पंचा घेऊन जातात, त्याला शॅमी म्हणतात. मांड्या, पिंढऱ्या, तळवे, सगळं पुसतात, कारण पाय पकडताना हात निसटला तर डाईव्ह संपली. तिनेही पुसलं आणि शॅमी खाली टाकली. मग पाठ पाण्याकडे, टाचा काठाबाहेर, सगळा भार पावलांच्या पुढच्या भागावर. रेफरीची शिट्टी झाली. मी मान खाली घातली.

टर्रर्र. त्यानंतर काहीच नाही. पाण्याचा थेंब परत पडल्याचाही आवाज नाही.

मी वर बघितलं तर पाण्यावर फक्त बुडबुड्यांचं एक लहानसं पांढरं वर्तुळ होतं. स्क्रीनवर एकामागून एक आकडे आले. 10, 10, 10, 10, 10, 10, 10. तलावाच्या दोन्ही बाजूंना बसलेले, एकमेकांशी बोलू न शकणारे सात जज एकाच मतावर आले होते. अशा वेळी वगळायचे कुठले दोन वरचे आणि कुठले दोन खालचे? संगणकाला प्रश्न पडत नाही. मी मात्र कागदावर सातही दहा लिहिले आणि कुठलेही चार खोडले. 30 गुणिले 3.2, 96.00. जुळलं.

तिसरी 207C, तिच्या यादीतली सर्वांत कठीण, 95.70.

चौथी हातांवर उभं राहून सुरू होते. दहा मीटर उंचीवर, प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, बोटं काठावर रोवलेली, डोकं खाली. तोल स्थिर दिसला पाहिजे, तिथे जरा डगमगलं तरी गुण कापले जातात. ती इतकी निश्चल उभी होती की शेजारचे सहकारी पुटपुटले, "ही घाई करत नाहीये." मग दोन कोलांट्या, दीड गिरकी आणि तोच आवाज. पुन्हा सातही दहा. पुन्हा 96.00.

शेवटच्या डाईव्हला सातही दहा आले नाहीत, पण वगळावगळ झाल्यावर उरलेले तिन्ही दहाच होते. परत 96.00. हेच गणित मला या नियमाचं मोठं शहाणपण वाटतं. एखाद्या जजने हात आखडता घेतला तरी खेळाडूचं काही बिघडत नाही आणि कुणी आपल्या माणसाला उदारपणे दिलं तरी उपयोग होत नाही.

एकूण 466.20.

अधिकृत निकाल निघाल्यावर मी माझ्या कागदाशी थोडा वेळ बसलो. तिच्या पाच डाईव्हचे काठिण्यांक मिळवले तर 15.9 होतात. प्रत्येक डाईव्हला शक्य तेवढे सगळे गुण मिळाले असते तर 477. म्हणजे पूर्ण अंतिम फेरीत तिने गमावले 10.80, त्यातले साडेसात पहिल्याच डाईव्हमध्ये आणि उरलेले तिसऱ्या. बाकी तीन डाईव्हमध्ये गमावायला काही ठेवलंच नव्हतं. रौप्य मिळालेल्या चेन युशीचे 425.40. ती 2019 ची जगज्जेती, वय पंधरा, तिची कामगिरी एरवी डोळ्यांत भरली असती. चुआनचे चार डाईव्हनंतरच 370.20 झाले होते आणि ब्राँझ गेलं 371.40 ला. मी ही वजाबाकी दोनदा केली.

ब्राँझ ऑस्ट्रेलियाच्या मेलिसा वूचं. तिच्याबद्दल कमी लिहिलं गेलं याची मला खंत आहे. 2008 च्या बीजिंगमध्ये सोळाव्या वर्षी तिने जोडीच्या प्रकारात रौप्य जिंकलं होतं. टोकियो हे तिचं चौथं ऑलिंपिक आणि एकटीचं पहिलं ऑलिंपिक पदक तिला 29 व्या वर्षी मिळालं. दहा मीटरवरून पडणाऱ्या शरीराचे मनगट, खांदे, पाठ इतकी वर्षं काय सोसतात, ते त्या खेळातल्या लोकांनाच ठाऊक. एकाच पोडियमवर चौदा, पंधरा आणि एकोणतीस. मला त्या तिघींमध्ये सगळ्यात जास्त वेळ वूकडेच बघावंसं वाटलं.

नंतर पत्रकारांपुढे चुआनने आईच्या आजाराबद्दल सांगितलं, उपचारासाठी पैसे मिळवायचे आहेत असं ती म्हणाली. जगभर तीच बातमी झाली. गोष्ट खरी आहे आणि ऐकताना गलबलून येतं. पण एवढ्या लहान मुलीच्या पदकाची कहाणी म्हणजे तिच्या घरची अडचण असं व्हावं, हे मला पटत नाही. तिने त्या दुपारी जे केलं ते स्वतःच्या बळावर उभं राहणारं काम होतं. तळवे कुठे टेकवायचे, कधी उलगडायचं, किती थांबायचं, हे तिने हजारो वेळा पाण्यात शिरून कमावलं होतं. तिचं कौतुक करायचं तर त्याचं करावं.

टोकियोत डायव्हिंगची आठ सुवर्णं होती, त्यातली सात चीनने नेली. आठवं, पुरुषांच्या 10 मीटर जोडीचं, ब्रिटनच्या टॉम डेली आणि मॅटी लीने. म्हणजे चीनची मुलगी जिंकली यात नवल नव्हतं. आमच्या खोलीतल्या अनुभवी माणसांना नवल वाटलं ते त्या आकड्यांचं. शेजारचे सहकारी निघताना माझ्याकडचा हिशेबाचा कागद मागून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पुरुषांची 10 मीटरची प्राथमिक फेरी होती. प्रत्येकी सहा डाईव्ह, खेळाडूही बरेच जास्त. चहा घेऊन मी त्यांच्या याद्या तपासायला बसलो.