कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपता? कॉर्नियाला काय होतं ते वाचा

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा. तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. झोपेत पापण्या मिटल्या की लेन्स नसतानाही तो 3-4 टक्के सुजतो. वर लेन्स असली की सूज आणखी वाढते. सकाळी दिव्याभोवती वलयं दिसतात ती त्यामुळेच.

जुन्या हायड्रोजेल (पाणी धरणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) लेन्स वर्षानुवर्षं दिवसभर लावल्या, तर प्राणवायू कमी पडून बुबुळाच्या कडेने, विशेषतः वरच्या पापणीखाली, केसासारख्या लाल वाहिन्या आत सरकतात. सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या प्रकारच्या लेन्समधून प्राणवायू खूप जास्त जातो. पण म्हणून लेन्स लावून झोपायची मुभा मिळत नाही, जंतुसंसर्गाचा धोका राहतोच.

नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला अजिबात लावू नका. त्यातला अकँथामीबा हा सूक्ष्म एकपेशीय जीव कॉर्निया पोखरतो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. डबीतलं सोल्यूशन रोज पूर्ण ओता, नवं भरा. जुन्यात भर घालणं सर्रास चालतं, तेच घातक.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. तपासणीत जंतू त्यातूनच सापडू शकतो. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब मात्र मनाने घालू नका.