प्रक्षुब्ध प्रवाहाचे पहिले सिम्युलेशन: माझा अनुभव

प्रवाहगतिकीचे सॉफ्टवेअर शिकायला घेताना मी गुंतागुंतीच्या आकाराऐवजी ‘मागे उतरणारी पायरी’ ही प्रसिद्ध चाचणी निवडली. सरळ वाहिनीचा तळ एका ठिकाणी एकदम खाली उतरतो, प्रवाह कडेवर भिंतीपासून सुटतो, पायरीमागे भोवरा तयार होतो आणि पुढे प्रवाह पुन्हा तळाला चिकटतो. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार पायरीपासून प्रवाह पुन्हा चिकटण्याच्या ठिकाणापर्यंतचे अंतर पायरीच्या उंचीच्या सुमारे 6.26 पट भरते. ज्याचे उत्तर प्रयोगातून आधीच ठाऊक आहे असेच उदाहरण नवशिक्याने प्रथम सोडवावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी ओपनफोम हे खुले सॉफ्टवेअर वापरले. प्रत्येक लहानमोठा भोवरा थेट सोडवायचा झाल्यास मेशमधील (प्रवाहाची जागा लहान घरांत विभागणाऱ्या जाळीतील) घरांची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांच्या गुणोत्तराच्या) साधारण 9/4 घाताने वाढते. म्हणून सरासरी प्रवाहाची समीकरणे सोडवून भोवऱ्यांचा परिणाम के-एप्सिलॉन मॉडेलवर (प्रक्षोभाची ऊर्जा आणि तिचा ऱ्हास यांवरून तो अंदाजणाऱ्या मॉडेलवर) सोपवला. वाहिनीची प्रमाणे आणि रेनॉल्ड्स अंक प्रयोगाशी जुळवून हवेचा वेग सेकंदाला 10 मीटर ठेवला. प्रवेशाशी प्रक्षोभाची तीव्रता 5 टक्के धरली, तर वेगातील चढउतार सेकंदाला 0.5 मीटर आणि त्याच्या वर्गाची दीडपट, म्हणजे 0.375, ही तिथली प्रक्षोभ-ऊर्जा.

सर्वाधिक वेळ गेला तो भिंतीलगतच्या पहिल्या घरावर, आणि तो सार्थकी लागला. भिंतीजवळचा घर्षण-वेग (भिंतीवरच्या घर्षण-ताणावरून काढलेला वेग) सेकंदाला सुमारे 0.4 मीटर धरला, तर वाय-प्लस (भिंतीपासूनचे एककरहित अंतर) 30 येण्यासाठी पहिल्या घराचा मध्यबिंदू भिंतीपासून एक मिलिमीटरहून किंचित दूर लागतो. वाय-प्लस 1 हवा असेल, तर तेच अंतर 0.04 मिलिमीटरवर येते. भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने अंदाजणारे वॉल फंक्शन वापरायचे की भिंतीपर्यंतचा प्रवाह खरोखर सोडवायचा, हे मेश बांधण्यापूर्वीच ठरवावे लागते. मधल्या, म्हणजे 5 ते 30 या पट्ट्यात पहिले घर पडले, तर साध्या वॉल फंक्शनवर विसंबता येत नाही.

रेसिड्युअल (समीकरणे सोडवताना उरणारी चूक) व्यवस्थित खाली आले, पण त्यावरून एवढेच कळते की मांडलेली समीकरणे सुटली. मांडणी योग्य होती की नाही, हे कळत नाही. त्यामुळे तळावरचा घर्षण-ताण ज्या ठिकाणी चिन्ह बदलतो ते, म्हणजे प्रवाह पुन्हा चिकटण्याचे, ठिकाण शोधले. तिथवरचे अंतर मोजमापापेक्षा कमी आले, आणि साध्या के-एप्सिलॉनचा तो परिचित दोषच आहे. मग भिंतीशी मेश बारीक करून मेंटर यांचे 1994 चे के-ओमेगा एसएसटी हे दुसरे प्रक्षोभ-मॉडेल लावले, तेव्हा उत्तर प्रयोगाच्या बरेच जवळ आले. मेश आणखी बारीक करूनही ते ठिकाण जागचे हलेना, तेव्हाच मी पायरी सोडून मला हव्या असलेल्या वक्र वाहिनीचा मेश बांधायला घेतला.